कळकाची नळी

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून घरातली मंडळी फराळाला बसण्यापूर्वी एखादे वडीलधारे माणूस अत्तराची कुपी उघडते आणि लहानथोरांच्या मनगटावर एकेक थेंब टेकविते. हा सुवास कोठून आला, असे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : फुलातून आला. उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे आहे. फूल आणि कुपी यांच्यामध्ये एक भट्टी असते, भट्टीवर हंडा असतो, पाण्यात बुडवून ठेवलेले दुसरे एक भांडे असते आणि या दोहोंना जोडणारी एक नळी असते. हंड्याचे कौतुक होते, फुलावर तर काव्ये होतात. नळीची आठवण मात्र कोणी काढीत नाही. वास्तविक या साऱ्या कारभारात सर्वांत कठीण काम तिचेच. एका टोकाला उकळता हंडा, दुसऱ्या टोकाला थंडगार पाणी आणि पोटातून सारखी धावणारी वाफ. हे सगळे सोसून तिने स्वतःचा रंग, वास, चव किंवा विष त्या वाफेत मिसळू द्यायचे नाही, ही तिची परीक्षा. शाळामास्तराला परीक्षेवाचून दुसरी उपमा सुचत नाही, हे वाचकांनी गोड मानून घ्यावे.

या परीक्षेला माणसाने आजवर कोणकोणत्या नळ्या बसविल्या, त्यांतल्या उत्तीर्ण कोणत्या झाल्या आणि नापास कोणत्या, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. तिच्यातले एक प्रकरण आमच्या तळोद्याच्या मुलखात, सातपुड्याच्या पायथ्याशी घडलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकात ते सहसा येत नाही, म्हणून ते येथे सांगण्याचा हा उद्योग.

प्रथम एका शब्दाची ओळख करून घेऊ. आपल्या घरोघरच्या आजीबाईंना तो पाठ आहे. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असली आणि त्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले, की ते 'कळकते'. रंग हिरवट होतो, चव तुरट होते आणि घशाशी मळमळ येते. आंबट पदार्थ धातूला खातो आणि धातू त्या पदार्थात उतरतो, एवढेच यातले रसायनशास्त्र. पदार्थ कढत असला की हे काम झपाट्याने होते. म्हणून तर गावात कल्हईवाल्याची हाळी आली, की बायका घरातली तांब्यापितळेची भांडी काढून देत. कल्हईचे कथील त्या दोघांच्या मध्ये पडदा धरून उभे राहते.

आता हीच गोष्ट नळीला लावून पाहा. आंबवलेले कोणतेही द्रव्य उकळले, मग ते मोहाच्या फुलांचे असो, उसाच्या रसाचे असो की काजूच्या बोंडांचे असो, त्यातून निघणारी वाफ नुसत्या पाण्याची आणि मद्यार्काची नसते. तिच्यात आंबटपणाही असतो. शिरका ज्या आम्लाने आंबट लागतो, ते आम्ल थोड्या प्रमाणात वाफेबरोबर वर येते. म्हणजे कढत, आंबट आणि मद्यार्काने तीक्ष्ण झालेली वाफ नळीच्या आतल्या अंगाला क्षणोक्षणी घासत जाते. नळी कळकणारी असेल तर सारा अर्क कळकलाच म्हणून समजा. तेव्हा उष्णता सोसणारी नळी म्हणजे केवळ न वितळणारी किंवा न फुटणारी नळी नव्हे. कढत असतानाही आपल्या अंगचे काही न देणारी नळी.

मौज अशी की, मराठीत 'कळक' म्हणजे बांबू, आणि ज्या नळीत वाफ सर्वांत कमी कळकते अशी आमच्या डोंगरातली नळी कळकाचीच होती. शब्दांचे हे साम्य निव्वळ योगायोगाचे असेल, पण लक्षात ठेवायला सोयीचे आहे.

कळकाच्याही आधीची नळी मातीची. तक्षशिलेच्या उत्खननात सर जॉन मार्शल यांना काही मातीची पात्रे मिळाली. त्यांची जुळणी केली, तेव्हा ते अर्क काढण्याचे यंत्र दिसू लागले. पेशावरजवळच्या चारसद्दा येथील शैखान ढेरी या टेकाडावर १९६३–६४ च्या सुमारास उत्खनन झाले. तेथे अर्क साठविण्याची म्हणून ओळखली गेलेली मडकी मोठ्या संख्येने मिळाली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. या पुराव्याच्या आधारे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९७९ साली असा प्रश्न पुढे मांडला, की ऊर्ध्वपातनाचे मूळ घर हिंदुस्थानच तर नव्हे? सर्वच पंडितांना हे मान्य नाही. पण मडक्याच्या तोंडावर टोपण, टोपणाला नळी आणि नळीखाली पाण्यात बसविलेले मडके, ही मांडणी या भूमीत फार जुनी आहे, हे खरे.

पुढे आपल्या रसशास्त्रकारांनी या मांडणीला नाव दिले. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात तिर्यक्पातन यंत्राचे वर्णन आहे. एका घटाला लांब, उतरती नळी जोडायची, तिचे दुसरे टोक दुसऱ्या घटाच्या पोटात सोडायचे, सांधे माती आणि चिंध्यांनी लिंपायचे, एका घटाखाली जाळ आणि दुसऱ्याभोवती थंड पाणी. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त उसाचा अर्क काढण्याच्या तीन रीती नोंदल्या आहेत. एका रीतीत हंड्याला दोन नळ्या जोडून त्या थंड पाण्यातल्या दोन भांड्यांत सोडलेल्या आहेत. दुसऱ्या एका रीतीत मडक्याच्या आत एक मोठा चमचा बसवितात. त्या चमच्याचा दांडा पोकळ असतो आणि तोच बाहेरच्या नळीला जोडलेला असतो. वरच्या झाकणात थंड पाणी भरले, की त्याच्या तळाशी वाफ थिजून थेंब चमच्यात पडतात आणि दांड्यातून बाहेर येतात. बादशाही राज्यातसुद्धा शेवटी सारी मदार एका पोकळ दांड्यावर!

आता तळोद्याकडे येऊ. आज हे गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ ला तो जिल्हा होण्यापूर्वी ते धुळे जिल्ह्यात होते आणि त्याही पूर्वी पश्चिम खानदेशात. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि मधल्या पट्ट्यात हे बाजाराचे गाव. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत तळोद्याबद्दल तीन गोष्टी आवर्जून सांगितल्या आहेत. खानदेशातला लाकडाचा सर्वांत मोठा बाजार येथे भरे, खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या येथे तयार होत, आणि रोशाच्या तेलाचा येथे मोठा व्यापार चाले. लाकूड आणि गाड्या समजण्यासारख्या आहेत. रोशाचे तेल म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल.

रोशा हे डोंगरउताराला उगवणारे सुवासिक गवत आहे. मराठीत त्याला तिखाडीही म्हणतात. पावसाळा सरता सरता ते फुलोऱ्यावर येते. या कोवळ्या फुलोऱ्यातल्या गवताच्या तेलाला मोतिया म्हणतात. त्याचा वास थेट गुलाबाच्या वाटेने जाणारा असतो, कारण गुलाबाच्या सुवासातले एक मुख्य द्रव्य त्यात भरपूर आहे. हे द्रव्य एकटे उकळायचे तर २०० अंशांहून अधिक उष्णता लागते. पण पाण्याच्या वाफेच्या संगतीने ते १०० अंशांच्या आतच हंडा सोडून निघते. सज्जनाच्या संगतीने जड माणूसही सहज हलतो, तसे हे आहे. या एका गुणावर डोंगरातला सारा धंदा उभा राहिला.

भट्टी ओढ्याच्या काठी लावीत. हंड्यात गवत दाबून भरायचे, वर पाणी ओतायचे आणि झाकण बसवून त्याचा सांधा उडदाच्या पिठाच्या कणकेने लिंपायचा. झाकणाच्या भोकातून पोकळ कळकाची नळी निघे. तिच्यावर सुतळी घट्ट गुंडाळलेली असे. नळीचे दुसरे टोक वाहत्या पाण्यात बुडविलेल्या भांड्यात जाई. जाळ पेटला, की वाफ कळकातून धावत त्या भांड्यात उतरे आणि थिजे. पाणी खाली राही, तेल वर तरंगे. ते तेल तळोदा-नंदुरबारच्या बाजारांतून मुंबईला जाई, तेथून तांबड्या समुद्राच्या वाटेने कॉन्स्टँटिनोपलला पोचे आणि पुष्कळसे तेथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जाई. युरोपातल्या व्यापाऱ्यांना कित्येक वर्षे हे 'तुर्की जिरेनियमचे तेल' म्हणूनच ठाऊक होते. तुर्कस्तानात ते उगवतच नव्हते, उगवत होते आमच्या सातपुड्यात! पॅरिसच्या बाईसाहेबांच्या रुमालावरचा गुलाब काही अंशी तळोद्याकडच्या ओढ्याकाठी, एका कळकाच्या पोटातून गेलेला असे.

या भट्टीतली एकेक गोष्ट पाहावी, म्हणजे तिच्या मागचे शहाणपण ध्यानात येते. सातपुड्यात मुबलक असलेला मानवेल जातीचा बांबू बराचसा भरीव असतो. तो काठीला आणि भाल्याच्या दांड्याला उत्तम, पण नळीच्या कामाचा नव्हे. नळीला पोकळ जातीचा, जुना, वाळलेला कळक हवा. ओला घेतला तर त्याचा हिरवा रस वाफेत उतरतो आणि उष्णतेने तो तडकतोही. कळकाच्या पेरापेरांत पडदे असतात; तापलेली सळई आतून घालून ते साफ फोडावे लागतात. एखादा पडदा अर्धवट राहिला तर वाफ अडते, आणि अडलेली वाफ ही अडलेल्या बैलासारखी, कोठून उसळेल याचा नेम नाही. सुतळी गुंडाळायची ती कळक तडकू नये, तडकला तरी वाफ सुटू नये आणि वाटेतच ती थंड होऊ नये म्हणून. लाकूड मुळातच उष्णतेचे वाईट वाहक. त्यामुळे नळी हाताळताना हात भाजत नाही आणि वाफेची धगही वाटेत वाया जात नाही.

उडदाची कणिक तर या साऱ्यांत मला सर्वांत शहाणी वाटते. ती उष्णतेने कडक होऊन सांधा बंद करते, काम झाल्यावर एका टोल्याने निघते, आणि हंड्यात वाफेचा जोर फाजील वाढलाच तर आधी तीच सुटते, हंडा फुटत नाही. शिवाय चुकून थोडी आत पडली तरी ते उडदाचे पीठच. याउलट कारखान्यांतले नळकाम करणारे कारागीर जुन्या काळी सांधे बुजवायला जवसाच्या तेलात शेंदूर किंवा सफेता कालवीत. हे दोन्ही पदार्थ शिशाचे. देवाच्या मूर्तीवर शेंदूर शोभतो. पिण्याच्या वस्तूच्या वाटेवर तो विष आहे.

कनोजचे अत्तरवाले आजही गुलाबाचे अत्तर याच पद्धतीने काढतात. तांब्याचा हंडा म्हणजे देग, पाण्यात ठेवलेले भांडे म्हणजे भपका आणि दोहोंमधली दोरीने गुंडाळलेली बांबूची नळी म्हणजे चोंगा. गोव्यात काजूच्या बोंडांपासून उर्राक आणि फेणी काढणाऱ्या भट्टीची मांडणीही याच कुळातली. तेथे उकळायच्या भांड्याला भाण म्हणतात आणि थेंब जमतात त्या मडक्याला लावणी. त्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. म्हणजे कनोजात तीच नळी अत्तराची, गोव्यात ती गावाच्या अभिमानाची. मग आमच्या डोंगरात तिचे काय झाले?

आमच्या डोंगरात तिचे दैव फिरले ते मोहामुळे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे टपटप गळतात आणि बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचायला निघतात. ही फुले सुकवून भिल्ल, पावरा कुटुंबे खात आली. अवर्षणाच्या वर्षी त्यांनी पुष्कळांचे प्राण राखले. बियांचे तेल निघते. त्याच फुलांना काही दिवस आंबवून त्यांचा अर्क काढण्याची रीतही तितकीच जुनी. लग्न, होळी, देवपूजा, मयत, कोठेही तो अर्क लागे. देवाला आणि पूर्वजांना त्याची धार सोडल्यावाचून कार्य पुरे होत नसे. यंत्र तेच : हंडा, कळकाची नळी, ओढ्यातले मडके. रोशासाठी जी नळी, तीच मोहासाठी.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरच्या भट्ट्या बंद करायच्या, सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत दारू काढायची, ती विकण्याचा हक्क ठेकेदारांना लिलावाने द्यायचा आणि दर गॅलनमागे कर घ्यायचा, अशी ती व्यवस्था. सरकारला दारू नको होती असे नव्हे. त्याला तिच्यावरचा कर हवा होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्याने मोहाच्या फुलांवरही बंधने आली. झाडावरून गळलेले फूल वेचून घरी ठेवले तरी माणूस गुन्हेगार ठरावा, ही कल्पना डोंगरातल्या माणसाला कशी कळावी? स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यात दारू गाळण्यासाठी भट्टी, भांडी किंवा उपकरणे बाळगणे हादेखील गुन्हा ठरला. या उपकरणांत आमची नळी आलीच. रोशाच्या भट्टीवर बसलेली नळी धंद्याचे साधन, आणि मोहाच्या हंड्याशेजारी सापडलेली तीच नळी पंचनाम्यातला मुद्देमाल!

येथे इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. कळकाची चांगली नळी तयार करायला वेळ लागतो. कळक निवडा, वाळवा, पडदे फोडा, सुतळी गुंडाळा. जो माणूस उघड्यावर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीने काम करतो, तो हे करतो. ज्याला रात्रीतून भट्टी लावून पहाटे पळायचे आहे, तो हाताला लागेल ते वापरतो. बंदीने दारू थांबली असती, तर ही गोष्ट येथेच संपली असती. पण देशोदेशीचा अनुभव असा, की चोरट्या भट्टीत पहिला बळी जातो तो चांगल्या नळीचा.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तेथे चोरून दारू गाळणाऱ्यांनी विसाव्या शतकात मोटारगाड्यांचे जुने रेडिएटर वाफ थंड करायला वापरले. रेडिएटर दिसायला सोयीचा : नळ्याच नळ्या, आणि भंगारात स्वस्त. पण त्या नळ्यांचे सांधे शिशाच्या डाकाने जोडलेले. आंबट वाफेने ते शिसे विरघळून दारूत उतरले आणि पिणाऱ्यांना पोटशूळ, पंडुरोग, हातपाय लुळे पडणे अशा व्याधी जडल्या. डॉक्टरांनी या विषबाधेच्या नोंदी करून ठेवल्या आहेत.

वास्तविक अमेरिकेला हा धडा दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेला होता. बेंजामिन फ्रँकलिनने १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात आपल्या लहानपणची हकीकत सांगितली आहे. न्यू इंग्लंडमधून येणारी रम पिऊन आपली माणसे पोटशूळाने आजारी पडतात आणि त्यांचे हातपाय लुळे होतात, अशी तक्रार उत्तर कॅरोलिनातून आली. चौकशी केली, तेव्हा भट्ट्यांची टोपणे आणि वेटोळ्या नळ्या शिशाच्या असल्याचे आढळले. शिसे मऊ, वळवायला सोपे आणि स्वस्त, म्हणून कारागिरांनी ते पत्करले होते. १७२३ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीने कायदा करून अशा शिशाच्या टोपणांना आणि नळ्यांना बंदी केली. पाहा, त्या कायद्याने दारूला हात लावला नाही, नळीला लावला! पुढे १७६७ साली जॉर्ज बेकर या इंग्रज वैद्याने डेव्हन परगण्यातल्या पोटशूळाचे मूळ सफरचंदाच्या मद्याच्या घाण्यांत वापरलेल्या शिशात असल्याचे दाखवून दिले. शिशाचा कावा असा, की आंबट द्रव्यात ते उतरले म्हणजे चव बिघडत नाही, उलट किंचित गोड होते. तांबे कळकले तर जीभ ओरडून सांगते. शिसे कळकले तर जीभ वाहवा करते.

मग रबर आले. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची युक्ती शोधली आणि वळणारी, ताणली जाणारी नळी जगाला मिळाली. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांना जोडायला आपण ती वापरतो. थंड पाण्यासाठी ती उत्तम. पण कढत मद्यार्काची वाफ तिच्यातून सोडली, तर रबर मऊ पडते, चिकटते आणि गंधकाचा वास अर्कात उतरतो. प्लास्टिकचेही तेच. बागेत पाणी घालायची जी स्वस्त, मऊ नळी बाजारात मिळते, तिला मऊपणा यावा म्हणून काही तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. मद्यार्क ती द्रव्ये ओढून घेतो. शिवाय मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो आणि पाणी १०० वर. ही नळी या दोहोंच्या आसपासच लुळी पडते. लुळी पडली की दुमडते, दुमडली की वाफ कोंडते आणि मग स्फोट. चोरट्या भट्टीवर अशीच नळी हाताशी लागते, हे वेगळे सांगायला नको.

ज्या देशांत घरी बियर आंबवायला कायद्याची मुभा आहे, तेथे नळीचा हा प्रश्न उघडपणे चर्चिला जातो. इंग्लंडमध्ये १९६३ पासून त्याला परवाना लागेनासा झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती वाट मोकळी झाली. अर्क घरी गाळायला मात्र त्या कायद्याने परवानगी मिळाली नाही. सातूचा उकळता गोड काढा एका भांड्यातून दुसऱ्यात नेण्यासाठी तिकडचे हौशी लोक सिलिकोनची नळी पसंत करतात. ती सुमारे २०० अंशांपर्यंत टिकते आणि वास देत नाही. मद्यार्काच्या वाफेसाठी मात्र जाणते लोक तांबे, गंज न चढणारे पोलाद किंवा काच यांपलीकडे जात नाहीत, आणि डाक लावायचा तर बिनशिशाचाच. म्हणजे दोनअडीच शतकांच्या अपघातांनंतर जग ज्या नियमाशी पोचले, तो नियम असा : वाफेच्या वाटेवर असे काहीच ठेवू नये, जे कढत आणि आंबट झाल्यावर आपल्या अंगचे देईल. डोंगरातल्या माणसाने हा नियम लिहून ठेवला नव्हता. कळक, सुतळी आणि उडीद निवडून तो पाळला होता.

याचा अर्थ कळक सर्वगुणसंपन्न आहे, असा मुळीच नव्हे. तो तडकतो, वास धरून ठेवतो, न वाळवता ठेवला तर बुरशी धरतो आणि काही हंगामांनी टाकून द्यावा लागतो. म्हणून आज सुगंधी तेलाच्या मोठ्या धंद्यात पोलादी पात्रे आणि पोलादी नळ्या आल्या, ते योग्यच झाले. कोणी वाचक कळकाच्या मोहाने घरी भट्टी मांडू पाहील, तर त्याने कायदा आणि स्वयंपाकघरातला जाळ, दोहोंचे स्मरण ठेवावे.

आणखीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नळी निर्दोष असली म्हणून दारू निर्दोष होत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. तेथे नळीचा अपराध नव्हता. कारखान्यात वापरण्याचा विषारी मेथिल मद्यार्क माणसांना पाजण्यात आला होता. असले विष कोणत्याही नळीने गाळून निघत नाही. आणि विष नसलेल्या दारूनेही किती संसार धुळीला मिळविले, हे आमच्या भागाला कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागले नाही. १९२२ साली सुरत जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या आदिवासी मुलखात देवीची चळवळ उठली. देवी अंगात येऊन सांगे : दारू सोडा, रोज स्नान करा, दारूच्या ठेकेदाराची पायरी चढू नका. पुढे १९३७–३८ च्या सुमारास खुद्द तळोदे तालुक्यात मोरवड गावच्या गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. एकमेकांना 'आप' म्हणून मान द्यायचा, स्वच्छ राहायचे, आरतीला जमायचे, एवढा साधा तो धर्म. १९३८ साली महाराज गेले. बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे चालविले. मोरवड आज रंजनपूर म्हणून ओळखले जाते. आणि १९७२ नंतरच्या वर्षांत शेजारच्या शहादे भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या आदिवासी बायका गावोगाव गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. ती मडकी फोडणाऱ्या बायकांना नळीच्या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. त्यांना घरात येणारी मजुरी घरातच राहायला हवी होती, आणि त्यांचा न्याय कोणत्याही कायद्याहून वरचा होता.

मग या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा? मला वाटते, तो घालण्याची गरजच नाही. दोन्ही खऱ्या आहेत. दारू सोडण्याचा निर्णय ज्यांचा त्यांनी घेतला, तेव्हा तो माणसांना उभे करून गेला. करासाठी वरून लादलेली बंदी आली, तेव्हा तिने दारू तर संपविली नाहीच. उलट तिच्याभोवतीचे ज्ञान मात्र चोराच्या रांगेत नेऊन बसविले. फुलाची पारख, आंबवणाचा अंदाज, जाळाची मात्रा, नळीची निवड, हे सारे ज्ञान होते आणि ते निरक्षर म्हणविल्या गेलेल्या माणसांचे होते. तेच ज्ञान कनोजात कला ठरले आणि गोव्यात वारसा ठरले.

अलीकडे वारे थोडे बदललेले दिसते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहाची फुले गोळा करणे, साठविणे आणि नेणे यांवरची बंधने सैल केली. नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर भागात मध्य प्रदेश शासनाने आदिवासी बचतगटांकरवी मोहाचे मद्य वारसा म्हणून तयार करविण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. तेथे चकचकीत धातूची यंत्रे बसली आहेत. फुलांचे लाडू आणि मुरंबेही होऊ लागले आहेत, आणि शाळामास्तर म्हणून मला त्यांचेच कौतुक अधिक.

पण त्या चकचकीत यंत्रापाशी उभा राहणारा अधिकारी नव्या कामगाराला जेव्हा बजावील, की बाबा रे, नळी बिनशिशाची पाहून घे, सांधा असा असू दे की आधी तो सुटावा, नळी कोठे दुमडू देऊ नकोस, तेव्हा समोरच्या पावरा तरुणाला त्यात नवीन काही वाटण्याचे कारण नाही. त्याच्या पणजोबाने ओढ्याकाठी बसून, कळकाचा तुकडा डोळ्याला लावून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचा उजेड नीट दिसतो की नाही हे पाहिले होते. उजेड दिसला तर नळी घ्यायची. नाही तर सळई पुन्हा विस्तवात घालायची.